हंसाच्या पंखाखालचा डाग

वहिनींना डाग सहन होत नसे. तसा तो कोणत्याच ड्रायक्लीनरला होत नाही, पण वहिनींचं प्रकरण जरा हाताबाहेर गेलेलं होतं. कुणाकडे जेवायला गेल्या तर त्यांची नजर आधी टेबलावरच्या कापडावर जायची आणि मग वाढणाऱ्याच्या तोंडाकडे. समोरचा माणूस अगदी डोळ्यांत पाणी आणून आपलं गाऱ्हाणं सांगत असला, तरी मधेच त्याची बाही चिमटीत धरून त्या म्हणायच्या, “शाई आहे ना ही? गरम पाणी लावू नका हं, पक्की बसेल.”

दुकान तळमजल्यावर. पुढे काउंटर, मागे दांडीवर चिठ्ठ्या लावलेल्या कोटांची रांग, एका कोपऱ्यात वाफेची इस्त्री आणि तिच्यामागे घामाघूम झालेले दादा, म्हणजे वहिनींचे यजमान. दुसऱ्या कोपऱ्यात प्रखर दिव्याखाली डाग काढायचं टेबल. ते राज्य वहिनींचं. दुकानाच्या वर राहायच्या दोन खोल्या, त्यांच्या वर गच्ची आणि गच्चीवर दुर्बीण. तिचं कव्हर वहिनींनी कधीच कुणी न्यायला न आलेल्या रेनकोटांचं शिवलं होतं, त्यामुळे दिवसा ती दुर्बीण पावसात निघायला तयार होऊन उभ्या असलेल्या ठेंगण्या माणसासारखी दिसायची.

हे खूळ घरात आणलं ते नणंदेनं. दादांची ही धाकटी बहीण दुधाच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. भेसळ पकडणं हा तिचा धंदा, आणि घरी आल्यावरही तो बंद होत नसे. माणसाच्या बोलण्यात, हसण्यात, दिलेल्या भेटवस्तूत पाणी किती घातलंय ते ती पहिल्या घोटात सांगायची. वहिनी तिला लग्नाच्या दिवसापासून “वन्सं” म्हणत आणि अहोजाहो करत. त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे दोघींनाच ठाऊक. वन्संनी गावाबाहेर माळावर खोपटं बांधून मोठी दुर्बीण बसवली तेव्हा जुनी वहिनींना दिली आणि वर म्हणाल्या, “घे वहिनी. तुला बारीक बघायची सवय आहे.”

आता भर शहरात, जिथे रात्री आभाळाकडे पाहिलं तर तारे हाताच्या बोटांवर मोजावेत, तिथे दुर्बीण लावून करायचं काय? त्यालाही वन्संनीच तोड सांगितली. नॅरोबँड फिल्टर. अवकाशात तापलेल्या वायूंचे ढग असतात, तेजोमेघ. हायड्रोजनचा ढग एका ठरावीक लाल रंगात चमकतो, ऑक्सिजनचा एका ठरावीक निळसर हिरव्यात. हा फिल्टर त्या एका रंगाची अगदी अरुंद फट तेवढी उघडी ठेवतो आणि रस्त्यावरचे दिवे, गाड्या, जाहिराती जवळपास सगळं बाहेर अडवतो. भर बाजारात हजार माणसं ओरडत असताना आईला तेवढी आपल्या पोराची हाक ऐकू येते, तसं. हाक मात्र फार बारीक असते. म्हणून एकेक फोटो कितीतरी मिनिटांचा घ्यायचा, असे शेकडो घ्यायचे आणि एकावर एक रचायचे. रात्रभर जागायची गरज नाही, ते काम संगणक करतो. वहिनी झोपायला जाताना दुर्बिणीला कामाला लावायच्या आणि सकाळी चहाबरोबर रात्रीचा माल तपासायच्या.

इथवर सगळं छान होतं. मग गेल्या वर्षी माती खाल्ली.

म्हणजे झालं असं, की वहिनींना एका फोटोत एक गोल, सुबक, फिकट कडं दिसलं. कुठल्याच नकाशात नसलेलं. वहिनी हवेत. ग्रंथालयाच्या सभागृहात आकाशप्रेमींच्या क्लबची बैठक होती, तिथे उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की नवा तेजोमेघ सापडला आहे. आणि लगेच वन्संचा आवाज आला, “वहिनी, फिल्टर पुसलायस का?”

पुसलेला नव्हता. ते कडं म्हणजे काचेवर बसलेल्या धुळीच्या कणाची सावली होती.

लोक असे हसले की ग्रंथपाल बाई दार उघडून बघून गेल्या. वहिनींच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तापल्या डोक्यानं माणूस जे करू नये तेच करतो. त्या ताडकन म्हणाल्या, “पुन्हा असा धुळीचा शोध लावला ना, तर दुर्बीण स्वतःच्या हातानं वन्संच्या गाडीच्या डिकीत ठेवून देईन!” मागच्या रांगेत दादांनी कपाळाला हात लावला. शब्द गेला तो गेला, आणि ऐकायला सगळा क्लब हजर होता. त्या दिवसापासून वहिनींचं नाव ‘डागवाल्या वहिनी’ पडलं. त्यांनी काहीही दाखवलं, अगदी घरचे फोटो दाखवले, तरी कुणीतरी विचारायचंच, “फिल्टर पुसलाय ना?”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वहिनी आता फोटो काढायच्या आधी संध्याकाळी दुकानातली सगळ्यात शुभ्र, एकही सुरकुती नसलेली चादर दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधत आणि मावळत्या उजेडात त्या चादरीचेच फोटो घेत. चादर निर्मळ आहे हे त्यांना स्वतःच्या हातांमुळे ठाऊक होतं. मग त्या फोटोत जो काही डाग उमटेल तो काचेवरचाच. तेवढा हिशेबातून वजा करायचा. शेजारपाजारच्या गच्च्यांवरचे लोक म्हणायचे, बाई वेडी झालीय, दुर्बिणीला पांघरूण घालून आभाळ बघते.

या वर्षी प्रदर्शनासाठी वहिनींनी हंस तारकासमूहातला एक प्रसिद्ध लाल ढग निवडला. सुरक्षित विषय. सगळ्या क्लबनं तो कधी ना कधी टिपलेला, त्यामुळे नवं काही सापडण्याची भीती नाही. हायड्रोजनचे फोटो झकास आले. ऑक्सिजनचे मात्र घाणेरडे. ढगाच्या डाव्या अंगाला, हंसाच्या पंखाखाली, एक पुसट पट्टा. बोट फिरवून पुसल्यासारखा वाकडा. एकेका फोटोत दिसायचा नाही, पण सगळे रचून फोटो ताणला, म्हणजे अंधुक भाग उजळून पाहिले, की हजर.

वहिनींनी फिल्टर पुसला. पुन्हा पुसला. चादर बदलली. पट्टा जागचा हलेना.

मग संशय समोरच्या औषधवाल्याच्या पाटीवर गेला. त्याच्या दुकानावर हिरवा क्रॉस रात्रभर पेटलेला असायचा, आणि हिरव्या उजेडातला थोडा चोरपावलानं ऑक्सिजनच्या फटीतून आत शिरणं अशक्य नव्हतं. वहिनी तरातरा रस्ता ओलांडून गेल्या.

“तुमची पाटी माझ्या आकाशात येते,” त्या म्हणाल्या.

औषधवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. “माझी पाटी तुमच्या आकाशात?”

“हो. डाव्या बाजूला.”

“वहिनी, झोप येत नाही का? एक साधी गोळी देतो.”

बराच वाद झाला. शेवटी त्याच्या सगळ्या पांढऱ्या कोटांची धुलाई वेळेआधी करून द्यायच्या बोलीवर त्यानं रात्री पाटीवर काळं कापड टाकायचं कबूल केलं. कापड अर्थात वहिनींनीच शिवून दिलं. पुढच्या मोकळ्या रात्रींचे फोटो त्यांनी मोठ्या आशेनं रचले. पट्टा होताच, आणि आता उलट आणखी ठसठशीत. औषधवाला येता-जाता म्हणू लागला, “बघा, माझ्या पाटीवर उगाच आळ घेतलात.”

प्रदर्शन तोंडावर आलेलं. वहिनींनी मग तेच केलं जे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. डाग काढला. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. आभाळात जिथे काहीच नाही असं आपल्याला वाटतं तिथे ठिपके ठेवायचे, सॉफ्टवेअर तिथला उजेड परका मानतं आणि सगळीकडून उपसून काढतं. वहिनींनी त्या पट्ट्यावर नीट रांगेनं ठिपके ठेवले आणि बटण दाबलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मधोमध लाल ढग, आजूबाजूला काळंशार, कुठे कस्पट नाही.

तो फोटो त्यांनी वन्संना दिला, कारण क्लबच्या चिटणीस त्याच होत्या. वन्संनी तो उजेडाकडे धरला, तिरका केला, भिंग लावलं. भेसळ सापडेना तेव्हा त्यांचा चेहराच पडला. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “वहिनी, खरंच. एक डाग नाही.” इतक्या वर्षांत नणंदेच्या तोंडून आलेलं हे पहिलं निर्भेळ कौतुक. वहिनी घरी आल्या त्या गुणगुणतच. दादांनी विचारलंसुद्धा, “कुणाचा कोट हरवला की सापडला?”

आणि इथेच सगळं सुरळीत संपलं असतं, जर त्या आठवड्यात दादांच्या इस्त्रीनं घात केला नसता.

सकाळची वेळ. दादांनी एक शर्ट उचलून वहिनींच्या टेबलावर आपटला. “हे बघ. खांद्याखाली तांबूस चट्टा. गिऱ्हाईकानं आणलाच असणार तसा.”

वहिनींनी पाहिलं. “काढते.”

थोड्या वेळानं दुसरा शर्ट आला, दुसऱ्या घरचा. मग तिसरा. तिन्हींवर तोच तांबूस चट्टा. दादा म्हणाले, “काय लोक आहेत! कुठे लोळतात कुणास ठाऊक!”

वहिनींनी तिन्ही शर्ट एकावर एक ठेवले आणि मान हलवली. “अहो, तीन घरचे तीन लोक एकाच जागी कसे लोळतील? कापड बदललं तरी डाग तिथेच येतोय. डाग कापडाचा नाहीये. इस्त्रीचा तळ पुसा.”

दादांनी इस्त्री उलटी करून पाहिली. तळाला काहीतरी वितळून चिकटलं होतं. ते खरवडायला लागले आणि खरवडता खरवडता त्यांच्या लक्षात आलं, की बायको पुतळ्यासारखी उभी आहे. हातात शर्ट तसाच.

“काय झालं?”

“डाग इस्त्रीचा असेल तर कापड फिरवलं तरी तो आपली जागा सोडत नाही,” वहिनी हळूच म्हणाल्या. “आणि कापडाचा असेल तर कापडाबरोबर फिरतो.”

“हे तू मला लग्न झालं त्या वर्षीच शिकवलंयस.”

“तुम्हाला शिकवलंय हो. स्वतः कुठे शिकले?” आणि शर्ट दादांच्या अंगावर टाकून त्या जिना चढून वर पळाल्या. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, ते तसंच उभं राहिलं.

वहिनींना आठवलं होतं ते असं. रात्री तारे माथ्यावरून पलीकडे कलले, की दुर्बीण आपल्या खांबाभोवती फिरून दुसऱ्या अंगाला बसते आणि कॅमेरा उलटा होतो. आधीचे फोटो सुलटे, नंतरचे उलटे. संगणक ताऱ्यांवर तारे जुळवून सगळे सारखे करतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. पण दोन ढीग वेगळे करता येतात. पट्टा जर काचेचा, कॅमेऱ्याचा, पाटीचा असेल, तर तारे जुळवल्यावर एका ढिगात तो डावीकडे येईल आणि दुसऱ्यात उजवीकडे. आणि जर दोन्ही ढिगांत तो त्याच ताऱ्यांपाशी बसला असेल, तर…

पुढचं त्यांनी मनातसुद्धा म्हटलं नाही. धुण्याला टाकायच्या आधी पांढरे आणि रंगीत वेगळे करावेत तसे त्यांनी फोटो वेगळे केले, दोन ढीग रचले, दोन्ही ताणले आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले.

हंसाच्या पंखाखाली पट्टा. इथेही. तिथेही. त्याच दोन ताऱ्यांच्या मधून गेलेला, त्याच जागी वाकलेला.

डाग कापडात होता.

वहिनी खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. नकाशे धुंडाळले, क्लबमध्ये सगळे वापरतात त्या सगळ्या याद्या चाळल्या. त्या जागी काही नोंदलेलं नव्हतं. गेल्या वर्षी ज्याच्यासाठी आभाळ पालथं घातलं ते आता रोज सकाळी पदरात पडत होतं, आणि त्या रोज ते झटकून टाकत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

पण आता उभं राहून सांगावं लागणार होतं. पुन्हा. त्याच सभागृहात, त्याच लोकांना, “मला काहीतरी सापडलंय.” आणि चुकलं तर दुर्बीण गेली. दुर्बीण एक वेळ जाऊ दे. पुन्हा कधी आपल्या डोळ्यांवर आपलाच विश्वास बसणार नाही, याची त्यांना जास्त भीती वाटली. दादा जेवायला वर आले तेव्हा वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं.

“स्वच्छ फोटो दिलाय ना तू?” दादा म्हणाले. “कौतुकही झालंय. गप्प बसलीस तर कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

दादांनी बायकोकडे पाहिलं आणि घास तसाच ठेवून म्हणाले, “मग लाव फोन.”

वहिनींनी वन्संना फोन लावला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग भाच्यांची चौकशी. शेवटी वन्संच म्हणाल्या, “वहिनी, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय?”

“तो फोटो परत द्या. दुसरा लावायचाय. त्यात… एक डाग आहे.”

“म्हणजे मी डिकी रिकामी करू?”

“करा. पण येताना तुमचे त्या ढगाचे ऑक्सिजनचे मूळ फोटो घेऊन या. न धुतलेले.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्संची गाडी दुकानासमोर उभी राहिली. डिकी खरंच रिकामी होती, एक जुनी रजई तेवढी अंथरलेली. वन्संनी डाग काढायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वीचे आहेत. ह्याच फोटोला बक्षीस मिळालं होतं मला. त्यात काही नाहीये हे आधीच सांगते.”

“बक्षिसाचा नको. त्याच्या आधीचा, कच्चा.”

वन्संनी नाक मुरडलं आणि कच्चा फोटो उघडला. राखाडी, मळकट. वहिनींनी पुढे होऊन तो ताणला.

दुसरी दुर्बीण, दुसरा कॅमेरा, दुसरा फिल्टर, गावाबाहेरचा माळ, जिथे ना औषधवाला ना त्याची पाटी. आणि हंसाच्या पंखाखाली तोच वाकडा पट्टा, त्याच दोन ताऱ्यांच्या मधून.

वन्संच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. “हे मी ट्रकच्या दिव्यांचं म्हणून काढलं होतं,” त्या पुटपुटल्या. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, बगलेत मारला, आणि दारातून म्हणाल्या, “रविवारी प्रदर्शनात बघू.” गाडी निघूनही गेली.

वहिनी दादांकडे वळल्या. “अहो, वन्संचे फोटो माझ्याआधीचे आहेत. दोन वर्षं आधीचे. त्या म्हणाल्या माझं, तर त्यांचंच ठरेल.”

“ती असं करणार नाही,” दादा म्हणाले. मग विचार करून म्हणाले, “म्हणजे माझी सख्खी बहीण आहे, लहानपणापासून ओळखतो तिला. त्यामुळे नक्की सांगता येत नाही.”

रविवारपर्यंत वन्संनी एकही फोन उचलला नाही. वहिनींनी एका कोटाची दोन बटणं वितळवली आणि एका बाईंना दुसऱ्याच बाईंची पँट दिली.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. भिंतीवर फोटो लागले होते, वहिनींची जागा मात्र रिकामी. वन्संचा पत्ता नव्हता. क्लबचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. गोड बोलून नेमकं दुखतं तिथे टोचणारे. त्यांनी वहिनींना पुढे बोलावलं. वहिनी उभ्या राहिल्या, पडद्यावर दोन ढिगांचे दोन फोटो लावले, पट्टा दाखवला, आणि स्पष्ट म्हणाल्या, “हा डाग काचेचा नाही. हा आभाळात आहे. ऑक्सिजनचा ढग आहे, आणि आपल्या कुठल्याच यादीत तो नाही.”

डॉक्टरांनी डोकं तिरकं केलं. “वहिनी, विचारायलाच हवं म्हणून विचारतो. फिल्टर…”

वाक्य पुरं व्हायच्या आत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “डिकी उघडा रे!” वहिनी टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. या वेळी त्या बसल्या नाहीत.

“पुसलाय,” दारातून आवाज आला. “मी सांगते. पुसलाय.”

वन्सं होत्या. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, अंगात माळावर घालायचा मळका स्वेटर. वहिनींची नजर सवयीनं आधी त्याच्या कोपरावरच्या चिखलाकडे गेली. वन्सं सरळ पुढे आल्या आणि आपला लॅपटॉप जोडला.

“हा माझा फोटो. वहिनीच्या दोन वर्षं आधीचा,” त्या म्हणाल्या. पट्टा पडद्यावर उमटला. “आणि हा तोच फोटो, मी प्रदर्शनात लावला तेव्हाचा. बक्षीस मिळालेला. बघा, पट्टा कुठे आहे? नाही. मी काढला. भेसळ म्हणून काढला. भेसळ पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटायचं.” त्या थांबल्या. “आणि हा परवापासून आजच्या पहाटेपर्यंतचा. झोपले नाहीये, त्यामुळे कुणी हसलं तर चावेन.”

तिसरा फोटो उघडला आणि सभागृहातून एकदम ‘अरे’ असा आवाज निघाला. तो आता पुसट पट्टा राहिला नव्हता. निळसर हिरवी, रेशमासारखी दुमडत गेलेली कमान हंसाच्या पंखाखालून वर चढत होती. तिच्यात धागे होते, गाठी होत्या, एका टोकाला ती फाटून विरत गेली होती. आजवर त्या खोलीतल्या कुणी ती पाहिली नव्हती, आणि आता सगळे एकदम बघत होते.

“माझ्या हातात होतं ते मी फेकलं,” वन्सं म्हणाल्या. “तिनं उचललं. शोध वहिनीचा आहे. लिहून घ्या, मी चिटणीस आहे.”

वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत अहोजाहो सोडलं. “अगं, फोन तरी उचलायचास!” त्या म्हणाल्या, आणि नणंदेच्या मळक्या स्वेटरला मिठी मारून रडल्या.

मग गंमत सुरू झाली. दुसऱ्या रांगेतला बसचालक उठून म्हणाला, “माझ्याही फोटोत तिथे काहीतरी होतं. मी चंद्राचा उजेड समजून काढलं.” एक गणिताच्या बाई म्हणाल्या, “मी काचेवरचं दव समजले.” एकेक जण कबुली देऊ लागला, आणि प्रत्येक कबुलीला टाळ्या पडू लागल्या. शेवटी सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे वळल्या. डॉक्टरांनी घसा खाकरला. “मी कॅमेरा दुरुस्तीला पाठवला होता,” ते म्हणाले. या वेळी ग्रंथपाल बाई दार उघडून आल्या त्या परत गेल्याच नाहीत, शेवटपर्यंत उभ्या राहून फोटो बघत राहिल्या.

रिकाम्या जागेवर वहिनींचा फोटो लागला. तोच, गच्चीवरचा, पुसट. वन्सं म्हणाल्या माझा लावा, जास्त स्पष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, ज्यात तो आधी ओळखला तोच लागेल. दादा सभागृहाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की हे सगळं मुळात त्यांच्या इस्त्रीमुळे घडलं.

पुढे डॉक्टरांनी ते सगळं एका मोठ्या वेधशाळेकडे पाठवलं. तिथल्या लोकांनी त्या प्रकाशाची फोड करून पाहिली आणि कळवलं, की हो, ऑक्सिजनच, आणि हो, नवाच. त्याला एक लांबलचक अधिकृत क्रमांक मिळाला, जो क्लबमध्ये कुणालाच पाठ नाही. सगळे त्याला ‘वहिनींचा डाग’ म्हणतात. वन्संच्या डिकीतली रजई वहिनींनी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून परत दिली.

फोटोची एक प्रत आता दुकानात काउंटरच्या मागे टांगलेली आहे. ती लागली त्या आठवड्यात औषधवाला आपला कोट घेऊन आला. खिशाजवळ कसल्यातरी सिरपचा मोठा ओघळ. चष्मा कपाळावर चढवून त्यानं फोटो न्याहाळला.

“हाच का तो? ज्याच्यापायी माझ्या पाटीला बुरखा घातलात?”

“हाच.”

“एवढं नावाजलेलं दुकान तुमचं, आणि भिंतीवर डागाळलेला फोटो. काढत का नाही?”

वहिनींनी मान वर करून हंसाच्या पंखाखाली पाहिलं, आणि हसल्या.

“तो नाही निघायचा,” त्या म्हणाल्या, आणि त्याचा कोट दिव्याखाली पसरला. “हा निघेल. परवा या.”